१९११ पिस्तुलावर .२२ बोअरचे कन्व्हर्जन किट बसवताना

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले आणि १९११ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले .४५ बोअरचे पिस्तूल आजही अमेरिकेतील नेमबाजांच्या हातात दिसते, पण त्याची काडतुसे महाग असतात आणि धक्काही जोराचा बसतो. म्हणून त्याच फ्रेमवर (पिस्तुलाच्या मुठीसकट खालच्या सांगाड्यावर), त्याच मुठीने आणि त्याच चापाने .२२ लाँग रायफल काडतुसे झाडण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. कोल्ट कंपनीने असे किट १९३८ च्या सुमारास बाजारात आणले होते. पुढील माहिती अमेरिकेत कायदेशीरपणे पिस्तूल बाळगणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे. तेथील संघराज्य कायद्यानुसार अनुक्रमांक असलेली फ्रेम हेच शस्त्र मानले जाते, त्यामुळे किट हा सुटा भाग ठरतो. तरीही आपल्या राज्याचे नियम आधी पाहावेत. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रात असा बदल करणे हा गुन्हा आहे.

केवळ नळी बदलून हे काम का भागत नाही, ते आधी समजून घ्यावे. .४५ च्या काडतुसाला फायरिंग पिन मध्यभागी ठोकते, तर .२२ च्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असल्याने पिन कडेवरच पडावी लागते. शिवाय .४५ ची गोळी साधारण २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) आणि .२२ ची साधारण ४० ग्रेनची असते. एवढ्या हलक्या गोळीच्या धक्क्याने मूळची पोलादी स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे सरकत नाही. म्हणून किटमध्ये बहुधा अॅल्युमिनियमची हलकी स्लाइड, जागेवर स्थिर राहणारी नळी, मऊ स्प्रिंग आणि स्वतंत्र मॅगझिन असा पूर्ण संच येतो. दोन्ही काडतुसांच्या कमाल दाबात फारसा फरक नाही, उलट .२२ चा दाब थोडा अधिकच असतो. त्यामुळे लहान काडतूस म्हणजे निरुपद्रवी, असे समजून घरी नळी कोरण्याचा किंवा घासण्याचा विचारही करू नये. कारखान्यात तपासलेले पूर्ण किटच घ्यावे आणि ते आपल्या पिस्तुलाच्या पिढीला चालते का, विशेषतः फायरिंग पिन अडवणारी सुरक्षा यंत्रणा असलेल्या सीरिज ८० ला चालते का, हे निर्मात्याकडून खात्री करून घ्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. नंतर नळीखालचा प्लग दाबून बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीचे कडे) वळवावे व प्लग हळूच सोडावा. तो निसटला तर स्प्रिंगच्या जोराने वेगात उडतो, आणि चष्मा त्यासाठीच आहे. स्लाइड खाचेपर्यंत मागे आणून स्लाइड-स्टॉप (स्लाइड अडवणारी आडवी खीळ) बाहेर काढला की वरचा सगळा भाग पुढे सरकून निघतो. त्याच्या जागी किटचा वरचा भाग फ्रेमच्या खाचांत सरकवावा आणि किटसोबतच्या सूचनेप्रमाणे स्लाइड-स्टॉप बसवावा. जोर लावावा लागत असेल तर थांबावे, कारण फ्रेम किंवा किट यांतील माप कुठेतरी जुळत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि अशा वेळी पिस्तूल गनस्मिथकडे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, नेणेच योग्य.

रिकाम्या पिस्तुलावर अंगठ्याने लावायचा सुरक्षेचा खटका आणि मुठीवरची सुरक्षा चाप अडवते का, ते पाहावे. त्यासाठी एखाद-दुसऱ्या वेळेपलीकडे रिकामा चाप ओढू नये आणि तोही निर्मात्याने परवानगी दिली असेल तरच. रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर पिन पडणाऱ्या, पिस्तुलात पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड खराब होण्याचा धोका असतो. रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे, मग दोन, आणि सर्व सुरळीत चालले तरच पूर्ण मॅगझिन भरावे.

ही किट्स काडतुसांच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. स्लाइड अडकत असेल तर किटमध्ये दोष शोधण्याआधी ४० ग्रेनची जास्त वेगाची काडतुसे वापरून पाहावीत. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र लगेच थांबावे, पिस्तूल रिकामे करावे आणि नळीत गोळी अडकलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढचे काडतूस झाडू नये. अनेक किट्समध्ये शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड उघडी राहत नाही, म्हणून पिस्तूल रिकामे झाले हे दर वेळी चेंबर पाहूनच ठरवावे.

नेम दोन्ही बोअरमध्ये सारखा लागत नाही. किटची साइट स्वतंत्रपणे जुळवावी लागते. .२२ ची काजळी आणि शिसे लवकर साचते, तेव्हा प्रत्येक सरावानंतर चेंबर व स्लाइडचा काडतुसाच्या बुडाला टेकणारा भाग पुसावा आणि हात साबणाने धुवावेत. .४५ चा भाग परत बसवल्यावर वरील सर्व तपासण्या पुन्हा कराव्यात, आणि .२२ ची मॅगझिने व उरलेली काडतुसे किटच्या डब्यातच, कुलपात ठेवावीत.