फाइल डिलीट केली, तरी जागा का होत नाही?

मे महिन्यात लग्नसराई भरात असते आणि नेमकी तेव्हाच स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसते. ड्राइव्हवर १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की विंडोज ती पट्टी लाल करतं. मग घाईघाईत गेल्या वर्षीची दोन-तीन लग्नं डिलीट होतात, पट्टी मात्र लालच राहते. महा ई-सेवा केंद्रात, होमस्टेच्या ऑफिसात, आंब्याच्या पेढीवर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच घडतं. डिलीट म्हणजे आत नेमकं काय होतं ते एकदा नीट समजून घेतलं, की जागा कुठे अडली ते दहा मिनिटांत सापडतं.

विंडोजच्या हार्डडिस्कवर, म्हणजे एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर, दोन नोंदवह्या असतात. पहिली मास्टर फाइल टेबल. तिच्यात प्रत्येक फाइलची साधारण १ केबीची नोंद असते: नाव, तारीख, आकार आणि ती फाइल ड्राइव्हवर कुठे कुठे पसरली आहे ते. दुसरी वही बिटमॅपची. सगळा ड्राइव्ह सहसा ४ केबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो, या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. बिटमॅपमध्ये प्रत्येक क्लस्टरसाठी एक आकडा असतो, १ म्हणजे भरलेला आणि ० म्हणजे मोकळा. 'फ्री स्पेस' म्हणून जो आकडा दिसतो तो या शून्यांच्या हिशोबावरून येतो.

फाइल कायमची डिलीट केली की पहिल्या वहीतल्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण होते आणि दुसऱ्या वहीतले तिचे १ चे ० होतात. फोटोला किंवा व्हिडिओला कोणी हातही लावत नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून बागेतली कलमं काही त्याच रात्री तुटत नाहीत. नवा मालक चिरे आणून पाया खणेपर्यंत जमीन आहे तशीच असते. डिस्कवरही जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो.

४० जीबीचा एक व्हिडिओ कॉपी करायला साध्या हार्डडिस्कवर पाच-सहा मिनिटं लागतात, डिलीट मात्र क्षणात होतो, तो यामुळेच. उलट वीस हजार छोट्या फोटोंचा फोल्डर डिलीट व्हायला वेळ लागतो, कारण तिथे वीस हजार नोंदी एकेक करून बदलाव्या लागतात. कॉम्प्युटर अडकला समजून मध्येच बंद करू नये.

आता नुसतं डिलीटचं बटण दाबलं की काय होतं ते पाहू. फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, आणि रिसायकल बिन हा त्याच ड्राइव्हवरचा एक लपवलेला फोल्डर आहे. म्हणजे फक्त पत्ता बदलला. बिटमॅपमधला एकही १ पुसला गेला नाही, त्यामुळे एक केबीही मोकळी झाली नाही. त्या लपवलेल्या फोल्डरमध्ये डोकावलं तर प्रत्येक डिलीट केलेल्या फाइलच्या दोन फाइली दिसतात. डॉलर आणि आर या अक्षरांनी सुरू होणारी ती मूळ फाइल, आकाराला तेवढीच. डॉलर आणि आय ने सुरू होणारी दुसरी अगदी लहान, तिच्यात जुनं नाव, जुना पत्ता आणि डिलीट केल्याची वेळ. 'रिस्टोअर' म्हटल्यावर फाइल बरोबर आपल्या जागी परत जाते ती या चिठ्ठीवरून.

तेव्हा जागा हवी असेल तर बिनवर राइट क्लिक करून 'एम्प्टी रिसायकल बिन' करावंच लागतं. पण रिकामं करण्याआधी बिन उघडा आणि यादी आकारानुसार लावून एकदा नजर टाका. शिफ्ट दाबून डिलीट करायची सवय मात्र लावून घेऊ नका. तिथे बिन मधे येतच नाही, आणि गर्दीच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या हळदीचा फोल्डर जायला एक चुकीचा क्लिक पुरतो. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डाला विंडोजमध्ये बहुधा बिन नसतंच, तिथून डिलीट केलेलं थेट जातं.

दुसरी नेहमीची चूक ड्राइव्हची. दुकानातून जोडून आणलेल्या कॉम्प्युटरवर एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात, त्यात सी बहुतेक वेळा छोटा. डी वरचं कितीही काढलं तरी सी ची जागा वाढत नाही, वही प्रत्येकाची वेगळी. आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तिन्ही मुळात सी वरच असतात. डेस्कटॉपवर फोल्डर ठेवला म्हणजे तो सी मध्येच ठेवला. यावर कायमचा उपाय सोपा आहे. डी वर 'डाउनलोड्स' नावाचा नवा फोल्डर करा, मग मूळ डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डी वरचा तो फोल्डर दाखवा. जुन्या फाइलीही हलवायच्या का असं विंडोज विचारतं, हो म्हणा. डी असा थेट ड्राइव्ह कधी देऊ नका, आत वेगळा फोल्डर हवाच, नाहीतर पुढे गोंधळ होतो.

काय काढायचं हे अंदाजाने ठरवू नये. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे ढोबळ चित्र मिळतं. त्याहून चांगलं विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर. ते फोल्डर एकेक उघडत बसत नाही, थेट मास्टर फाइल टेबल वाचतं, म्हणून लाखो फाइलींचा ड्राइव्हही काही सेकंदांत मोठ्यापासून छोट्यापर्यंत मांडून देतं.

मग हिशोब डोळ्यांसमोर येतो. १०० एमबीपीएस दराने घेतलेलं फोर-के शूटिंग तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० जीबी. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये दिसतेच ९३१ जीबी, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. म्हणजे दोन लग्नांत डिस्क पार. याउलट ३०० केबीचे हजार दाखले पुसले तर हाती लागतात जेमतेम ३०० एमबी. सेवा केंद्रात तासभर बसून स्कॅन काढण्यात अर्थ नाही, आधी मोठे व्हिडिओ, जुने सेटअप आणि दोनदा-तीनदा उतरवलेले तेच तेच फोल्डर शोधा.

एडिटिंग करणाऱ्यांनी पहिल्यांदा कॅशे पाहावा, म्हणजे काम पटापट व्हावं म्हणून सॉफ्टवेअरने बनवून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली. प्रीमियर प्रो हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपसाठी कॅशे फाइली तयार करतं आणि ठिकाण बदललं नसेल तर त्या सी ड्राइव्हवर साठतात. लग्न देऊन सहा महिने झाले तरी त्याचा कॅशे तिथेच. एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे इथे जाऊन तो पुसता येतो आणि त्याची जागाही डी वर नेता येते. मूळ शूटिंगला धक्का लागत नाही. जुना प्रोजेक्ट परत उघडलाच तर कॅशे नव्याने बनतो, थोडं थांबावं लागतं इतकंच.

विंडोजचा स्वतःचा कचरा 'डिस्क क्लीनअप' मधून काढा. उघडल्यावर 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबायला विसरू नका, खरा माल त्याच्या मागे असतो. मोठ्या अपडेटनंतर उरलेला 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर इथूनच जातो, एरवी विंडोज तो १० दिवसांनी स्वतः काढतं. सेटिंग्जमधल्या 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत मात्र 'डाउनलोड्स' अशीही एक चौकट असते. तिच्यावर टिक राहिली तर गिऱ्हाइकांचे उतरवून ठेवलेले दाखले, पावत्या, सगळं जाईल. ती टिक काढूनच पुढे जा.

हायबरफिल डॉट सिस ही हायबरनेटची, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करण्यासाठीची फाइल. ती रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा घेते, १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. डेस्कटॉप कॉम्प्युटरवर ती नको असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, जागा सोडून स्लॅश एच, परत जागा सोडून ऑफ, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. कॉम्प्युटर सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागेल. लॅपटॉपवर मात्र ती राहू द्या. पावसाळ्यात दिवसभर लाइट नसते, बॅटरी संपत आली की उघडं काम याच फाइलमध्ये जपलं जातं. पेजफाइल डॉट सिस (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) आणि विनएसएक्सएस (विंडोजच्या स्वतःच्या भागांचा फोल्डर) यांना हाताने अजिबात हात लावू नका. विनएसएक्सएस दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात बराच लहान असतो, कारण त्यातल्या अनेक फाइली एकाच जागेच्या दोन नोंदी असतात.

हे सगळं करूनही जागा कमीच दिसते? मग तीन ठिकाणं तपासा.

पहिलं रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून विंडोजने जपलेली जुनी स्थिती. 'सिस्टिम प्रोटेक्शन' चालू असेल तर बदललेल्या मजकुराची जुनी प्रत विंडोज राखून ठेवतं आणि मोकळी झालेली जागा तिकडे जाते. 'कॉन्फिगर' मध्ये जाऊन मर्यादा ५ टक्क्यांपर्यंत आणा, बंद करू नका. दुसरं वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय. तिथली फाइल कॉम्प्युटरवरून डिलीट केली की क्लाउडवरूनही जाते. फक्त इथली जागा हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा.

तिसरं कोकणात जास्त भेटतं. जूनमध्ये वादळी पाऊस सुरू झाला की लाइट दिवसातून चार वेळा जाते, आणि डिस्क लिहीत असताना वीज गेली की दोन नोंदवह्यांचा मेळ बसेनासा होतो. फाइल यादीत नाही, पण तिचे क्लस्टर बिटमॅपमध्ये भरलेलेच. अशी जागा कोणाचीच नसते आणि कोणालाच मिळत नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं करून तपासणी चालवा. बिटमॅपमध्ये मोकळी जागा भरलेली दाखवली होती, असा संदेश आला तर दुखणं सापडलं. एक्सफॅट फॉरमॅटच्या पोर्टेबल डिस्कला हा त्रास अधिक, कारण एनटीएफएससारखी बदलांची रोजनिशी तिच्याकडे नसते. तपासणीनंतर 'फाउंड' नावाचा लपवलेला फोल्डर दिसला तर त्यात सापडलेले तुकडे असतात. कामाचं काही नाही याची खात्री करून तो काढता येतो. ही तपासणी यूपीएस चालू असतानाच करावी.

मोठं काही काढण्याआधी दोन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची दुकानं बुडाली. तिथे कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच टेबलावर असतील तर दोन्ही एकदमच जातात. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळवा, मधल्या चार-पाच फाइली उघडून बघा, मगच मूळ काढा. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट टाळा. खाऱ्या हवेत यूएसबीची टोकं गंजतात, म्हणून पोर्टेबल डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं आहे. तिथे फाइल कायमची डिलीट होताच विंडोज ट्रिम नावाची आज्ञा पाठवतं, हे क्लस्टर आता नकोत म्हणून. एसएसडी मग सवडीने ते खरोखरच पुसते. म्हणून एसएसडीवरून गेलेलं परत मिळायची आशा जवळजवळ नसते. ती काठोकाठ भरली की मंदही होते, कारण तिला लिहिता छोट्या तुकड्यांत येतं पण पुसावं मोठ्या ठोकळ्यांत लागतं. १०-१५ टक्के जागा मोकळी ठेवा. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, साध्या हार्डडिस्कसाठी, एसएसडीसाठी नाही.

साध्या हार्डडिस्कवरून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून चुकून काही गेलं, तर त्या क्षणी हात थांबवा. कार्ड कॅमेऱ्यातून काढा, त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवणं म्हणजे कलमं वाचवायला निघून त्यांच्यावरच पाया खणणं. रेकुव्हा, फोटोरेक किंवा मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी, तिन्ही फुकट वापरता येतात. फोटोरेक फाइलीच्या आतल्या खुणेवरून शोधतं, त्यामुळे फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. सापडलेलं नेहमी वेगळ्या ड्राइव्हवर सेव्ह करा.

डिलीट केलेलं मागे उरण्याचा हाच गुण जुना कॉम्प्युटर विकताना उलटतो. सेवा केंद्राच्या डिस्कवर शेकडो लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची पासबुकं असतात, आणि क्विक फॉरमॅटने फक्त वह्या कोऱ्या होतात. डी सारख्या भागावर फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढा, मग विंडोज प्रत्येक जागी शून्य लिहितं. पूर्ण मशीन द्यायचं असेल तर 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून सेटिंग्ज बदला आणि 'क्लीन डेटा' चालू करा. आपल्या आवृत्तीत सगळे ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय वेगळा विचारला, तर तोही निवडा. १ टीबीच्या जुन्या डिस्कला यासाठी दोन-तीन तास तरी लागतात, म्हणून लाइटचा भरवसा असेल अशा दिवशी सकाळीच सुरू करा.