नॉयर शिकताना: आधी दिवा, मग हॅट

नॉयर म्हणजे गुन्हा, गडद सावल्या आणि स्वतःच्या चुकीने बुडणारी माणसं यांचे चित्रपट. सुरुवात 'डबल इन्डेम्निटी'पासून (१९४४) करा आणि तो तीनदा बघा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंगाला तीनच गोष्टी टिपा: दिवा कुठे आहे, अंधारात कोण आहे, आणि पात्राने नेमका कुठे स्वतःहून चुकीचा निर्णय घेतला. हा तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात, आणि पुढे त्यांच्या लघुपटात सावल्या भरपूर पण माणूस पोकळ असं होतं.

विमा एजंट वॉल्टर नेफ सुरुवातीलाच गोळी लागलेल्या अवस्थेत ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज नोंदवायच्या यंत्रावर, कबुली देतो. खुनी कोण हे कळून चुकलेलं असतं. उरतं ते एवढंच, की धडधाकट, हुशार माणूस डोळे उघडे ठेवून खड्ड्यात कसा उतरला. आणखी एक बघा: त्यातला गाजलेला बंगल्याचा प्रसंग कॅलिफोर्नियातल्या लख्ख दुपारी घडतो. खोलीत शिळी धूळ तरंगताना दिसावी म्हणून तिथे अॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडवली होती. छायालेखक जॉन साइट्झ. तेव्हा नॉयरला रात्रच लागते हा समज इथेच सोडून द्या.

पुढे 'डिटूर' (१९४५), 'आऊट ऑफ द पास्ट' (१९४७) आणि शेवटी 'टच ऑफ इव्हिल' (१९५८), याच क्रमाने. पैसे नसतील तर 'डिटूर' दोनदा बघा. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायची ऐपत नाही म्हणून तिथे धुकं सोडून काम भागवलंय.

इतिहास परीक्षेपुरता थोडक्यात. १९४६मध्ये पॅरिसमध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने युद्धकाळातल्या अमेरिकन चित्रपटांबद्दल लिहिताना 'नॉयर' हा शब्द वापरला. हॉलिवूडमध्ये तेव्हा हे चित्रपट मेलोड्रामा म्हणूनच ओळखले जात. पडद्यावर काय दाखवायचं हे ठरवणारी हॉलिवूडची नियमावली, म्हणजे प्रॉडक्शन कोड, १९३४पासून कडक झाली; तिच्यामुळे गुन्हेगाराला शिक्षा दाखवणं भाग होतं, म्हणजे शेवट आधीच ठरलेला. नॉयरमधली 'नियती' बरीचशी या नियमावलीची देणगी आहे, हे पुस्तकांत जरा दबूनच सांगतात.

आता प्रत्यक्ष काम. खिडकीच्या पट्ट्यांसारखी सावली भिंतीवर पाडायचा सराव सगळेच करतात आणि सगळ्यांचा तो एकाच कारणाने फसतो: सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी मोठ्या तोंडाची पेटी. जाड पुठ्ठ्यात २ इंचांच्या पट्ट्या, मध्ये २ इंचांच्या फटी ठेवून चौकट कापा. ती भिंतीपासून ३ फुटांवर उभी करा आणि दिवा चौकटीच्या मागे १० फुटांवर. दिव्याचं तोंड २ इंचांचं असेल तर सावलीची कड जेमतेम अर्धा-पाऊण इंच पुसट होते. तोंड २४ इंचांचं असेल तर सात इंच, म्हणजे पट्ट्याच गायब. कड पुसट वाटली की दिवा मागे न्या किंवा चौकट भिंतीजवळ सरकवा. दिवा नुसता प्रखर करून काही होत नाही.

चेहऱ्यासाठी एकच मुख्य दिवा, बाजूने. उजळ आणि अंधाऱ्या बाजूत ८:१ फरक ठेवा, प्रकाश मोजायच्या मीटरवर तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). १६:१ला, म्हणजे चार स्टॉपला, काळी बाजू जवळजवळ बुडते. तो फरक एखाद्याच प्रसंगाला राखून ठेवा. आपल्याकडच्या खोल्यांच्या भिंती पांढऱ्या, त्यामुळे दुसरा दिवा नसतानाही प्रकाश परतून सावली भरून टाकतो. अंधाऱ्या बाजूला, कॅमेऱ्याच्या फ्रेमच्या जरा बाहेर, काळं कापड टांगा. नटाला भिंतीपासून सहा-आठ फूट पुढे आणा, नाहीतर चेहऱ्यावरचा प्रकाश पार्श्वभूमीवर सांडतो.

दुसरी हमखास चूक म्हणजे सगळीच फ्रेम कमी एक्स्पोज करणं, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश कमी घेणं. अंधार मिळत नाही, नुसता चिखल आणि नॉइज (चित्रातले दाणे) मिळतो. चेहऱ्यावरची उजळ बाजू नीट एक्स्पोज करा, काळं आपोआप काळं पडेल. रात्रीचा रस्ता असेल तर पाणी मारा, कारण कोरडं डांबर प्रकाश गिळतं. धूर हवा असेल तर उदबत्तीही चालते, पण दिवा धुराच्या मागे हवा. समोरून टाकलात तर नुसती पांढुरकी झाक येते.

मुंबईचा धागा तपासायचा तर 'महल'पासून (१९४९) धरा. त्याचा छायालेखक जोसेफ विर्शिंग जर्मनीहून मालाडच्या बॉम्बे टॉकीज या स्टुडिओसाठी आलेला. अमेरिकन नॉयरमध्येही बिली वाइल्डर, फ्रिट्झ लांग हे बर्लिनमध्ये काम केलेले दिग्दर्शक होतेच. म्हणजे जर्मन सावल्या मालाडला हॉलिवूडची वाट न धरताही पोचल्या होत्या. त्यानंतर गुरुदत्तचा 'बाजी' (१९५१) आणि व्ही. के. मूर्तींनी चित्रित केलेला 'सीआयडी' (१९५६) बघा. गाणी ओलांडून पुढे पळू नका. गाण्यात दिवे बदलतात का, आणि नायक प्रकाशात येतो की आणखी आत सरकतो, हे त्याच वहीत पहिल्या दोन रकान्यांत उतरवा.