नवी चूल बनवण्याआधी भाकरी होताना बघा

राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. चाचणीत त्या कमी जळणात, कमी धुरात पेटायच्या. घराघरांत मात्र कितीतरी चुली लवकरच बंद पडल्या. तुम्हीही एखादी नवी वस्तू बनवणार असाल, तर पुढची कामं या क्रमाने करा.

१. आधी ठरवा, तुम्ही नवं तंत्र आणताय की असलेली वस्तू सुधारताय. वापरणाऱ्याचा विचार करा असं आयुष्यभर सांगणाऱ्या डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनीच २०१० मध्ये लिहिलं की विमान, टेलिफोन यांसारखे मोठे शोध लोकांच्या गरजा अभ्यासून लागलेले नाहीत. तंत्रज्ञान आधी आलं, गरज मागाहून. मला हे पटतं. चुलीपुढे बसलेल्या बाईने गॅसचा सिलिंडर कुठे मागितला होता? पण तंत्र हाती आल्यावर ते घरात टिकणार की नाही, हे तिच्या स्वयंपाकघरातच कळतं.

२. स्वयंपाक होताना जाऊन बसा. मुकाट्याने बघा. भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मग तवा उतरवून किंवा सरकवून ती चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी धरली आणि टम्म फुगली. आता तुमचा आराखडा काढा. आग पूर्ण बंदिस्त केली असेल, तर ही भाकरी शेकायची कुठे? वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या दुसऱ्या तोंडावर, आमटी उकळत ठेवायची सोय आहे का? तुराट्या, पऱ्हाट्या न तोडता आत जातात का? रोज सकाळी सरपण बारीक तोडत बसायला कुणाला वेळ आहे? धूर मोजणारं यंत्र यातलं काहीच सांगत नाही.

३. "चूल कशी वाटली?" असं विचारू नका. पाहुण्याला कुणी वाईट सांगत नाही, "चांगली आहे की" एवढंच ऐकाल. त्यापेक्षा "मावशी, काल रात्री काय केलं होतं? कुठल्या चुलीवर?" असं विचारा.

४. पहिला नमुना मातीचा, पत्र्याचा, मोडता येईल असा करा. साच्यावर पैसे घातले की चूक कबूल करणं जड जातं.

५. तीन महिन्यांनी न कळवता जा, वर्षाने पुन्हा जा. ओडिशात सुधारित चुलींचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे तो फायदा उरला नाही, कारण वापर आणि देखभाल दोन्ही सुटत गेलं. म्हणून धुराडं कोण साफ करतं, छपरावर कोण चढतं, हे नाव घेऊन विचारा. नव्या चुलीवर कांद्याची पाटी आणि जुनीत ताजी राख दिसली, तर आराखडा पुन्हा उघडा आणि या वेळी मावशींना शेजारी बसवा.