प्राथमिक वर्गात पैशांचे गणित शिकवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या मराठी शाळांत खेळण्यातल्या नोटा आणि लुटुपुटूचे दुकान मांडून व्यवहारी गणिताचा तास हौसेने घेतला जातो, तरीही पाचवीतल्या मुलाला किराणा आणायला पाठवले की परत मिळालेले पैसे न मोजताच ते घरी येते. याचे कारण मुलाच्या बुद्धीत शोधू नये. वर्गातला पैसा आणि बाजारातला पैसा यांचा मेळ आपण घालून दिलेला नसतो.

सर्वाधिक गोंधळ सुट्या पैशांच्या हिशेबात होतो. अडतीस रुपयांचा माल घेऊन पन्नासची नोट दिली तर किती परत मिळतील, असे विचारल्यावर अनेक मुले ५० खाली ३८ मांडतात आणि उत्तर २८ लिहितात. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, एवढेच त्यांनी धरून ठेवलेले असते. त्यामुळे एककाच्या घरात आठातून शून्य जाते आणि दशकाच्या घरात पाचातून तीन. तेच उदाहरण पाच वेळा लिहायला लावल्याने हा दोष जात नाही. दहाची एक नोट मुलाच्या हातात देऊन तिचे दहा सुटे रुपये करून घ्यावेत, म्हणजे दशक सुटे करणे म्हणजे काय, हे त्याला हाताने कळते. त्यानंतर दुकानदाराची रीत दाखवावी. तो वजाबाकी मांडत बसत नाही. अडतीसचे चाळीस व्हायला दोन, चाळीसचे पन्नास व्हायला दहा, असे म्हणत तो आधी दोनचे नाणे आणि मग दहाची नोट हातावर ठेवतो. ही रीत अडाणीपणाची समजून वर्गाबाहेर ठेवणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण वहीतले उत्तर स्वतः पडताळून पाहण्याचे साधनच त्यामुळे मुलाच्या हातून जाते.

मूल ३८ ऐवजी ८३ लिहीत असेल, तर ते निष्काळजी आहे असे लगेच ठरवू नये. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, कन्नडमध्ये ‘मूवत्तेंटु’ म्हणताना तीस आधी येतात, आणि आपल्या भागातले मूल दोन्ही रोज ऐकते. शिवाय वहीत देवनागरी अंक, बसच्या पाटीवर कन्नड अंक आणि वजनकाट्यावर आंतरराष्ट्रीय अंक असतात. तीन दहाच्या नोटा आणि आठ सुटे रुपये समोर मांडून मगच संख्या लिहून घेतली, तर हा गोंधळ लवकर सुटतो. नोटेच्या मागच्या भाषापट्टीत पंधरा भाषा असतात. त्यांत कन्नड चौथी आणि मराठी आठवी येते. त्या ओळी मुलांकडून शोधून वाचून घ्याव्यात.

उदाहरणांतल्या किमती जुन्या किंवा काल्पनिक असणे हाही मोठा दोष आहे. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनात नाही, तरी त्यावरची उदाहरणे अजून फळ्यावर येतात. बसच्या तिकिटाचे उदाहरण घालतानाही सावध राहावे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये शून्य रकमेचे तिकीट मिळते, तर महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. आईचे तिकीट शून्य लिहिणाऱ्या मुलाला चूक देण्यापूर्वी, ती कोणत्या बसने निघाली हे उदाहरणातच सांगायला हवे. भाजीच्या बाबतीत तर बाजारच उत्तम धडा देतो: तीस रुपये किलोचा बटाटा विक्रेता पाव किलोला दहा रुपयांनी देतो, म्हणजे तो चाळीस रुपये किलोने पडतो. हा फरक चौथीतले मूल सहज काढू शकते, मात्र त्याला तसे कोणी विचारत नाही.

मक्कळ संते किंवा मेट्रिक मेळा, म्हणजे मुलांनी माल विकायचा शाळेतला बाजार, भरवताना पालकच सगळे करून देतात आणि मूल फक्त उभे राहते. एखादी मुलगी भेळेच्या बारा प्लेट दहा रुपयांनी विकते, गल्ल्यात १२० रुपये जमतात आणि तेवढाच नफा ती सांगते. शिक्षकही टाळ्या वाजवून पुढे जातात. आदल्या दिवशी चिरमुरे, फरसाण, कांदा, चिंच यांचा खर्च तिच्याच अक्षरात लिहून घेतला आणि तो ८५ रुपये निघाला, तर नफा ३५ रुपये उरतो. माल उरला तर तोही मोजावा. ज्याला तोटा झाला त्याचा हिशेब वर्गात सन्मानाने मांडावा, कारण शिकण्यासारखे त्यातच अधिक असते. कोणाला घरून किती खाऊचे पैसे मिळतात, हे मात्र सर्वांसमोर विचारू नये. ज्यांना काहीच मिळत नाही, अशी मुले त्या प्रश्नानंतर गणितापासून दूर जातात.

मोबाईलवरून दिलेले पैसे मुलाला दिसत नाहीत, म्हणून ते संपत नाहीत असे त्याला वाटते. आधी किती होते, किती गेले, किती उरले, अशा तीन रकान्यांची वही त्यावर पुरेशी आहे.

बचतीवर भाषण देणे आणि व्याजाचे शेकडे लवकर सुरू करणे, दोन्ही टाळावे. पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरण्याची बचत, आपल्या पेठांत दुकानोदुकानी चालते; ही पद्धत उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दिवसाला दोन आण्यांपासून रुजवली. रोज वीस रुपये भरले तर तीस दिवसांत किती जमतील, आणि मधले चार दिवस चुकले तर किती, एवढे तिसरीसाठी पुरे आहे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, त्यामुळे पाचवीच्या वर्गात पैसे भरण्याची कोरी स्लिप भरून घ्यावी आणि रक्कम अंकी व अक्षरी जुळते का, हे मुलांनी एकमेकांचे तपासावे.