मुलांना कॉम्प्युटर देताय? या चुका टाळा

‘पोरं आपोआप शिकतात’ असं सांगत नागपुरात जो तो टॅब वाटत सुटलाय. दाखला ठरलेला: १९९९मध्ये सुगत मित्रा या शिक्षण-संशोधकाने दिल्लीच्या कालकाजीत वस्तीला लागून असलेल्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि कोणी न शिकवता मुलं तो चालवू लागली. कॉम्प्युटर एकच होता, उघड्यावर होता आणि भोवती घोळका होता, हे मात्र सोयीने गाळतात.

म्हणून प्रत्येकाला वेगळा टॅब देऊ नका. महाल भागातल्या एका अभ्यासिकेत दिले होते. फोटो निघाले, हारतुरे झाले. काही दिवसांत खोली चिडीचूप, विश्वस्त खूश, “बघा, कसे मन लावून बसतात!” मागे जाऊन पाहिलं तर सगळ्यांच्या कानात हेडफोन, समोर रील्स. बरीच भांडाभांडी करून टॅब कपाटात घालायला लावले. जुना डेस्कटॉप स्क्रीन दाराकडे करून मांडला, समोर लांब बाक टाकला. मग कुठे “अबे, ते नको दाबू!” ऐकू यायला लागलं. स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमधली मांजर स्क्रीनच्या कडेला आपटली की परतताना उलटी होऊन चालायची. सातवीतली पोरं वैतागली. बाकाच्या टोकाला बसलेल्या चौथीतल्या पोरीने फिरण्याची पद्धत ‘डावी-उजवी’ करणारा सूचनेचा ठोकळा शोधला.

हे होईपर्यंत देखरेखीच्या दादाचा हात चारदा माऊसकडे गेला. ही दुसरी चूक, आणि माझ्या डोक्यात जाते ती हीच. तुम्ही दोन मिनिटांत करून दाखवाल, पण पोरगं पुढच्या वेळी तुमचीच वाट पाहील. मी तिथे जाताना हातात चहाचा ग्लास ठेवतो. दुसऱ्या हातात बिस्किट.

पण उठून निघूनही जाऊ नका. खुद्द सुगत मित्रा यांनी पुढे ब्रिटनमधल्या आज्या स्काइपवर आणल्या, शिकवायला नाही, “हे कसं केलंस रे?” असं कौतुकाने विचारायला.

पासवर्ड एकट्या सरांकडे ठेवू नका, सर लग्नाला गेले की आठवडा बुडतो. मे महिन्यात सीपीयू कूलरच्या झोतात नको. नेट रडत असेल तर किविक्स या नेटशिवाय चालणाऱ्या ॲपवर विकिपीडिया उतरवून ठेवा. मराठी कीबोर्ड पहिल्याच दिवशी टाका.

आणि पंधरा दिवसांत “रिझल्ट काय?” विचारणाऱ्या देणगीदाराला संध्याकाळी तासभर त्या बाकावर बसवा. तक्ता भरून देऊ नका.