टांगलेलं नेपथ्य हवं तेवढंच फिरवायचं, तर मोटार कशी निवडावी?

रंगमंचावर टांगलेला चंद्र, मुखवटा किंवा चौकट नुसती गोल फिरत राहायची असेल, तर मिररबॉलची मोटार पुरते. पण नटाच्या वाक्यावर चंद्राने बरोबर पाव वळण घ्यायचं आणि पुढच्या प्रवेशात तिथूनच मागे यायचं, तर ती उपयोगाची नाही. तिच्यासारख्या साध्या सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या लाइनच्या ठेक्यावर फिरणाऱ्या, मोटारीची सुरू होतानाची दिशासुद्धा नक्की नसते. गाडीच्या वायपरची मोटार बरेच जण सुचवतात. तिच्यात ताकद भरपूर, पण घरघर पहिल्या रांगेपर्यंत पोचते आणि ती किती फिरली हे तिचं तिला कळत नाही. या कामाला स्टेपर मोटार घ्यावी. ती ठरावीक मापाच्या पावलांनी फिरते, त्यामुळे किती फिरली ते मोजता येतं.

आधी हिशोब वस्तूचा

नुसत्या वजनावर जाऊ नका, ते वजन आसापासून किती लांब आहे ते बघा. समजा, १ मीटर व्यासाचा पोकळ गोल चंद्र आहे, वजन ३ किलो. पोकळ गोलाचं फिरण्यातलं जडत्व म्हणजे वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याचे दोन तृतीयांश. ते इथे ०.५ किलोग्रॅम-चौरस मीटर येतं. चार सेकंदांत ९० अंश फिरायचं, त्यात अर्धा वेळ वेग घ्यायचा आणि अर्धा वेळ सोडायचा, तर साधारण ०.२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. नेमा १७ मापाची, म्हणजे ४२ मिलिमीटर चौरस तोंडाची मोटार ०.४ च्या आसपास देते. कागदावर काम झालं.

तरीही मोटार थेट जोडू नका. साधी स्टेपर एका पावलात १.८ अंश फिरते. अर्ध्या मीटरच्या त्रिज्येवर चंद्राची कडा दर पावलाला दीड सेंटिमीटर उडी मारते आणि स्पॉटच्या उजेडात ती थरथर स्पष्ट दिसते. शिवाय थांबताना चंद्राची ओढ मोटारीला पुढे खेचते, पावलं चुकतात. २० आणि ६० दातांच्या पुल्यांवर टायमिंग बेल्ट, म्हणजे दातेरी पट्टा, चढवा, तेच दोन टप्प्यांत करा. वेगात नऊपट घट मिळते आणि मोटारीला चंद्राचं जडत्व ८१ पटीने कमी जाणवतं. कडेची उडी पावणेदोन मिलिमीटरवर येते. ड्रायव्हरने, म्हणजे मोटारीला पावलापावलाने वीज देणाऱ्या सर्किटने, एका पावलाचे सोळा भाग केले की डोळ्याला सलग फिरताना दिसतं. स्वस्त गिअरबॉक्सपेक्षा मला बेल्टच बरा वाटतो, कारण तो आवाज करत नाही आणि नीट ताणला तर त्यात ढिलेपणा राहत नाही.

मोटारीवर वजन टांगू नये

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. वजन थ्रस्ट बेअरिंगने, म्हणजे शाफ्टच्या दिशेने येणारा भार पेलणाऱ्या बेअरिंगने, पेलायचं, मोटारीने फक्त फिरवायचं. २० मिलिमीटरच्या शाफ्टला ५११०४ नंबरचं बेअरिंग बसतं. शाफ्टपासून चंद्रापर्यंत दोरी नको, पाइप घ्या. एकेरी दोरी आधी पीळ खाते, मग चंद्र फिरतो आणि थांबायच्या जागी मागेपुढे झुलत राहतो. पाइप दिसायला नको असेल, तर दोन बारीक वायररोप शक्य तितक्या अंतरावर बांधा.

नटांच्या डोक्यावरची प्रत्येक जोडणी वजनाच्या दसपट भार पेलणारी हवी. सुरक्षेची वायररोप वेगळी, स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी कडी) लावून, म्हणजे तिला पीळ बसणार नाही. चंद्राच्या आत दिवा असेल, तर त्याची वायर स्लिपरिंगमधून, म्हणजे फिरत्या जोडातून वीज नेणाऱ्या कड्यातून, न्या.

ड्रायव्हर आणि क्यू

ए४९८८ ड्रायव्हर स्वस्त आहे, पण मोटार गुणगुणते. संवादांच्या नाटकाला टीएमसी २२०९ घ्या, शांततेच्या प्रसंगात फरक कानाला कळतो. ड्रायव्हर वर मोटारीपाशीच ठेवा आणि चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो.

स्टेपरला सुरू होताना आपण कुठे आहोत हे ठाऊक नसतं. म्हणून चंद्राच्या शाफ्टवरच्या पुलीवर एक चुंबक आणि शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावा, म्हणजे प्रयोगाआधी तिला तिची शून्याची जागा सापडेल.

प्रकाशयोजनेच्या बोर्डवरून चालवायचं असेल, तर डीएमएक्सचे, म्हणजे बोर्डवरून दिव्यांना हुकूम देणाऱ्या पद्धतीचे, दोन चॅनल द्या. एका चॅनलवर २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे दर पायरीला १.४ अंश, आणि हे फार ढोबळ. दोन मिळून ६५,५३६ होतात.

खरेदी आणि जोडणी

मोटार, ड्रायव्हर, सेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळतात. बेअरिंगसाठी मुंबईतली नागदेवी स्ट्रीट गाठा. दौऱ्याचं नाटक असेल, तर मोटार, पुल्या आणि बेअरिंग एकाच लोखंडी चौकटीत बसवून घ्या. नाट्यगृह हातात येतं तेव्हा वेळ कमी असतो, तिथे बेल्ट ताणत बसता येत नाही.

लाइटवाल्यांकडून डिमरमधून (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून) न जाणारी थेट लाइन मागून घ्या. डिमरवर ड्रायव्हरला वीज देणारा २४ व्होल्टचा सप्लाय लावला, तर तो बंद पडेल किंवा जळेल. रंगीत तालमीच्या आधी खऱ्या वजनासह तास-दोन तास सलग चालवून बघा. मोटार हात टेकवता येणार नाही इतकी तापली, तर ड्रायव्हरचा करंट कमी करा. वीज तोडणारं बटण विंगेत, जिथून टांगलेली वस्तू दिसते अशा जागी ठेवा आणि प्रयोगभर त्यापाशी एक माणूस उभा करा.