लहानपणीच्या शिबिरात आता स्वयंसेवक म्हणून जायचंय? तयारी अशी करा

धर्मनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही धर्माशी न जोडलेली, उन्हाळी शिबिरं बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. अमेरिकेत १९९६ साली केंटकी राज्यात सुरू झालेलं ‘कॅम्प क्वेस्ट’ हे त्यातलं सगळ्यांत परिचित नाव. अशा शिबिरात लहानपणी जाऊन आलेला तरुण मदतीला परत येतो, तेव्हा आयोजकांना त्याचं मोल फार असतं. पहिल्या रात्री घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाला नेमकं काय वाटत असतं, हे त्याला सांगावं लागत नाही. पण शिबिराची त्याला माहीत असलेली बाजू एकच असते. दुसरी बाजू शिकावीच लागते.

आधी थोडं अंतर पडू द्या

काल ज्यांच्याबरोबर एका खोलीत झोपत होतात, आज त्यांनाच ‘आता दिवे बंद करा’ म्हणणं अवघड असतं. तेही ऐकत नाहीत आणि तुम्हालाही ठामपणे सांगता येत नाही. अमेरिकन कॅम्प असोसिएशन या तिथल्या शिबिरांच्या संघटनेच्या मानकांनुसार मुलांबरोबर काम करणारी व्यक्ती किमान १६ वर्षांची आणि त्या मुलांपेक्षा किमान दोन वर्षांनी मोठी हवी. माझ्या मते हे अंतर याहून जास्त असलेलंच बरं. शक्य असेल तर आपल्या जुन्या सोबत्यांचा गट सोडून लहान मुलांचा गट मागून घ्या. शिबिरात प्रशिक्षणार्थी साहाय्यकाची जागा असेल, तर सुरुवात तिथून करा.

अर्जात आठवणी कमी, कामं जास्त लिहा

‘या शिबिराने माझं आयुष्य बदललं’ हे खरं असेलही, पण त्यावरून आयोजकांना तुमच्याकडे काय सोपवायचं ते ठरवता येत नाही. प्रथमोपचार येतात का, पोहता येतं का, रात्री आकाशदर्शन घेऊ शकाल का, स्वयंपाकघरात भांडी घासायची तयारी आहे का, हे लिहा. नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावं संदर्भासाठी आधीच विचारून ठेवा. गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी होईल आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज काही महिने आधी करा. ‘मी तर इथलाच, मला कशाला तपासता?’ असं मनातही आणू नका. ओळखीच्या माणसालाही तीच तपासणी लावणारं शिबिर चांगलं.

सुरक्षेचे नियम नव्याने शिका

मूल असताना हे नियम तुम्हाला दिसलेच नसतील, कारण ते नीट पाळले जात होते. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. बोलायचं तर इतरांना दिसेल अशा जागी बसायचं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण मुलाला कोणी इजा करत असेल तर ते वरिष्ठांना सांगावंच लागतं. परवानगीशिवाय फोटो नाही, खासगी फोन नंबरची देवाणघेवाण नाही. मोजणी सतत करायची. निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक आणि ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती, असं वर सांगितलेल्या मानकांतलं प्रमाण आहे.

उत्तर माहीत असूनही गप्प राहायला शिका

जुन्या शिबिरार्थीची खरी कसोटी इथे लागते. कॅम्प क्वेस्टमध्ये एक प्रसिद्ध आव्हान असतं. मुलांना सांगतात, की शिबिरात अदृश्य युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडे, राहतात. ते दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, हाताला लागत नाहीत. ते नाहीतच, हे सिद्ध करून दाखवा.

मग मुलं भिडतात. एक म्हणतं, ‘दिसत नाहीत, म्हणजे नाहीत.’ दुसरं लगेच अडवतं, ‘हवा तरी कुठे दिसते?’ तिसरं विचार करून म्हणतं, ‘पण हवा फुग्यात भरता येते. घोडे कशात भरणार?’ या क्षणी तुमच्या ओठांवर उत्तर आलेलं असतं: पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते. ते बोलू नका. मुलं तुमच्याकडे वळून ‘दादा, तू इथेच होतास ना? सांग ना!’ म्हणतील, तरीही नाही. ‘फुग्याचा मुद्दा पुन्हा सांग बरं’ एवढंच म्हणा. पुढची दहा मिनिटं मुलांची असतात. तिथवर ती स्वतः पोहोचली, तर ती विचाराची रीत घरी नेतात. तुम्ही सांगितलंत, तर फक्त एक वाक्य नेतात.

हेच देवाधर्माच्या प्रश्नांनाही लागू आहे. धर्मनिरपेक्ष शिबिर म्हणजे नास्तिकतेचा प्रचार नव्हे. श्रद्धाळू घरातली मुलंही येतात आणि त्यांची टिंगल होऊ न देणं हे तुमचं काम आहे. ‘ताई, तू देव मानतेस का?’ असं कोणी थेट विचारलं, तर खोटं बोलू नका, पण भाषणही देऊ नका. ‘माझं मत असं आहे, वेगळं मत असणारी चांगली माणसंही आहेत. तुला काय वाटतं?’ इतकं पुरतं. आजी गेल्याचं दुःख घेऊन आलेलं मूल ‘ती आता कुठे आहे?’ म्हणून विचारतं, तेव्हा मात्र वादाचा विषयच नसतो. त्याला आजीबद्दल बोलू द्या, ऐका आणि गटप्रमुखांच्या कानावर घाला.

‘आमच्या वेळी’ आवरा

जुनी गाणी, जुने खेळ आठवतील. विचारलं तर सांगा. यंदाच्या मुलांना त्यांची स्वतःची गंमत शोधू द्या. तुम्हाला आवडलेला खेळ एखाद्याला अजिबात आवडणार नाही, तर त्याला बाजूला बसून गुण लिहायचं काम द्या.

झोप आणि शेवटचा दिवस

मुलं झोपल्यावर स्वयंसेवकांच्या गप्पा रंगतात, पण सकाळी तलावाकाठी पेंगणारा माणूस धोकादायक असतो. रोज ठरलेल्या वेळी झोपा, सुट्टीचा तास खरोखर सुट्टीसाठी वापरा. शेवटच्या दिवशी पालक कागदपत्रं दाखवून मूल ताब्यात घेईपर्यंत जागा सोडू नका. उरलेली औषधं परत द्या आणि प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळींची नोंद आयोजकांकडे द्या: काय आवडलं, कशाची भीती वाटते, पुढच्या वर्षी कोणाबरोबर ठेवलेलं बरं.